टाकीपारच्या दवाखान्यातली रात्रपाळी

शेकोटीत अजून एक लाकूड सरकवा रे पोट्टेहो, अन् तो रेडिओ बंद करा आधी. मांगं कोण हसून राहिला? हसून घे बापा, आत्ताच हसून घे. गोष्ट ऐकीव नाही. ज्याच्यासंग घडली तो लहानू मेश्राम गिरणीत माझ्या बाजूच्याच साच्यावर होता. वीस वर्षं एका डब्यात जेवलो आम्ही. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो, अन् इथं तेच महत्त्वाचं आहे.

तर लहानू त्या संध्याकाळी घरून निघाला, तो चादर, कंदील, पाण्याची बाटली अन् फडक्यात दोन भाकरी घेऊन. काम साधंच होतं. टाकीपारच्या बंद दवाखान्यात जाऊन झोपायचं अन् सकाळी उठून बाहेर यायचं. तारीख होती २३ जानेवारी १९७४, बुधवार, पौषातली अमावस्या. ही तारीख आरोग्य खात्याच्या साहेबानं मुद्दाम काढली होती.

तवा शहराच्या टोकाले, नंदनवनच्या अंगाले, निस्ती वावरं होती. टाकीपारच्या सातशे घरांत दवाखाना एकच, बाळंतपणाचा, दहा खाटांचा, सरकारी. जिजाबाई नावाची नर्स एकटीच रात्रपाळी करे. एका रात्री कोणीतरी दार ठोकलं, ती उघडायले निघाली अन् दवाखान्यातल्या बोळातच पडली. छातीची कळ. दारापर्यंतही नाही पोचली बिचारी. तिच्या मांगं दुसरी नर्स आलीच नाही, अन् महिन्याभरात दवाखान्याले कुलूप लागलं.

तीन वर्षं वस्ती अर्ज करून थकली. शेवटी भीमाबाई सुईण चाळीस बायका घेऊन साहेबाच्या टेबलापुढं उभी राहिली. सुईण असून दवाखाना मागते म्हणून लोकं हसत. ती म्हणे, "सरळ लेकरू मी काढतो, पण आडवं लेकरू माह्या बापालेही नाही निघत!"

साहेब म्हणाला, "बाई, रात्रपाळीला एकही नर्स तयार नाही. तिथं भूत आहे म्हणतात. मी काय करू?"

"भूत आमचं आहे साहेब, आम्ही पाहून घेऊ. तुम्ही नर्स द्या."

साहेबाले हसू आलं. म्हणाला, "मग येत्या अमावस्येला तुमचा एक माणूस आत झोपू द्या. बाहेरून मी सील लावतो. रात्री त्यानं दार ठोकलं, तर इमारत गोदामाला. सकाळी दहाला धड बाहेर आला, तर डॉक्टर अन् दोन नर्सा."

"लिहून द्या," भीमाबाई म्हणे. अन् त्यानं गंमत म्हणून लिहूनही दिलं.

लहानूनं हात वर केला तवा भीमाबाईले बरं नाही वाटलं. कारण तिले माहीत होतं. सारी वस्तीच जाणत होती.

सप्टेंबर एकाहत्तरची गोष्ट. लहानूची बायको प्रेमिला अडली. लेकरू आडवं. रात्रीची सायकलरिक्षात घालून लहानू तिले मोठ्या दवाखान्यात नेऊन राहिला होता, तं वाटेत हे दार लागलं. कुलूप दिसत होतं. पण जरा ठोकून पाहावं म्हणून त्यानं ठोकलं, अन् आतून पायं वाजले. दुसरा कोणी असता तं धूम पळाला असता. पण लहानूनं छप्पन्नमध्ये दीक्षा घेतली होती. भूतबित सोडून दिलं होतं त्यानं, मनापासून. भूत नसते, म्हणजे आत पायं वाजले तं माणूसच असन, नर्सच असन, मांगच्या दारानं येईन. असा त्याचा हिशोब. अर्धा घंटा तो तिथं थांबला गा! रेल्वे फाटकापाशी प्रेमिला रिक्षातच गेली. लेकरूही गेलं.

तेव्हापासून तो स्वतःले खात होता. रिकाम्या दवाखान्याच्या दारात उभं राहून मी बायको मारली, असं म्हणे. मलेही तेच म्हणे, अन् मी त्याले समजावून थकलो.

असो. साडेनवाले साहेबाच्या शिपायानं बाहेरून कुलूप घातलं, लाखेनं सील केलं. भीमाबाई अन् बायका रस्त्यापलीकडं आगटी पेटवून बसल्या, कोणी लबाडी करू नये म्हणून.

आत धूळ, उंदरं अन् दहा लोखंडी खाटा. लहानू दारासमोरच्या बोळात बाकावर बसला. भाकर खाल्ली. पंचशील म्हटलं. गिरणीचा बाराचा भोंगा झाला तवा त्याले डुलकी लागली.

जाग आली ती वासानं. फिनेल. ताजं, आत्ताच फरशी पुसल्यावानी...

पावणेदोन झाले होते.

दार वाजलं.

बाहेरून.

शिपाई असन, त्याले वाटलं. भीमाबाई असन...

"बाई! दार उघडा वं बाई! बायको अडली आहे माही!"

आवाज ओळखीचा होता.

त्याचाच होता.

तोच घसा. तेच शब्द. अन् मांगं रिक्षातून कण्हणं... ते मी नाही सांगत. त्यानंही मले धड नाही सांगितलं.

मंग आतून पायं वाजले.

सपातांचे. बोळाच्या त्या टोकाहून. घाईघाईनं...

कंदील जळत होता. बोळात कोणी नव्हतं.

पायं जवळ आले. त्याच्या गुडघ्याले गार वारं घासून गेलं. पुढं गेले. दारापाशी थांबले.

कडी वाजली. आतून. कोणीतरी दार ओढलं. एकदा. दोनदा. जीव खाऊन.

कुलूप बाहेर होतं...

बाहेरचा लहानू रडून राहिला होता. आतलं दार ओढणं थांबत नव्हतं. अन् आतला लहानू बाक घट्ट धरून बसला होता. दोन हात पुढं गेला असता, दार बडवलं असतं, तं बायका धावून आल्या असत्या. सुटला असता तो. अन् सकाळी गोदाम झालं असतं.

पण पोट्टेहो, त्या भेवातच त्याच्या डोक्यात उजेड पडला. प्रेमिला अडली त्या रात्री दवाखाना रिकामा नव्हता. नर्स येऊन राहिली होती. येऊन दार ओढत होती. तो अर्धा घंटा इकून तो अन् तिकून ती, अन् मधात सरकारचं कुलूप! त्याले असा संताप आला का भेव कुठच्या कुठं गेलं.

तो उठून उभा झाला.

"जिजाबाई," तो म्हणाला.

दार ओढणं थांबलं. बाहेरचा आवाजही थांबला.



मंग अंधारातून, अगदी जवळून, रोजच्या कामाच्या आवाजात कोणी विचारलं, "कळा कवापासून आहेत?"

लहानू बोलला. "दोन वर्षं चार महिने झाले, बाई. गेली ती. लेकरूही गेलं."

लहानू दाराकडं एक पाऊल सरकला.

"तुह्यावर राग नाही माहा," तो म्हणाला. आता तो रडून राहिला होता, पण आवाज चढला होता. "कुलूप तू नाही लावलं. ज्यानं लावलं तो दहा वाजता येते. मी भूत मानत नाही बाई, आजही नाही. मी नर्स मानतो. तुले काय करायचं ते कर, मी इथून हलत नाही! पुढची बाई आली का हे दार उघडलं पाहिजे. बस, एवढंच!"

पायं मांगं फिरले, हळूहळू बोळाच्या त्या टोकाले गेले. लहानू दाराले पाठ लावून उजाडेपर्यंत उभाच राहिला.

दहाले साहेब आला. सील त्यानं दोनदा तपासलं, शाबूत होतं. भीमाबाई म्हणे, रात्रभर दारापाशी कुत्रंही फिरकलं नाही, आवाज नाही का हाक नाही. दार उघडलं तं समोर लहानू, डोळे लाल, पण ताठ.

"काय, दिसलं का काही?" साहेबानं विचारलं.

सारी वस्ती ऐकून राहिली होती. लहानू खोटं बोलत नव्हता, सांगितलं ना तुम्हाले. त्यानं साहेबाच्या डोळ्यात डोळे घातले. "भेव वाटन असं काहीच नाही साहेब आत. द्या सही."

आता सांगा, यात खोटं काय होतं? साहेबानं लोकांकडं पाहिलं, कागदाकडं पाहिलं, अन् गपचूप सही केली. एक मार्चले दवाखाना उघडला. तुमच्यातले अर्धे तिथंच जन्मले, विचारा आपल्या मायले.

पण त्या दिवशी साहेब गेल्यावर भीमाबाई झाडू घेऊन आत शिरली. बोळाच्या त्या टोकाले बाळंतपणाची खोली. तिथून तिनं लहानूले हाक मारली, अशी का तो धावतच गेला.

खोलीतल्या चुलीत तीन वर्षांचं जाळं होतं. राख नाही, काडी नाही. नळ तं कवाचाच कापलेला. अन् चुलीवर पितळेचा मोठा गंज, पाणी तापवायचं पातेलं, काठोकाठ भरलेला. पाण्यावरून वाफ निघून राहिली होती.

भीमाबाईनं पदर खोचला अन् पाण्यात कोपर बुडवलं. बराच वेळ तसंच ठेवलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "नव्या लेकराले सोसन तेवढंच."