सुरमईचा खुबा

दुपारी ओटीवर आडवं झालं की केळुसकरांचा डावा खुबा दुखू लागे. दुखणं त्यांचं नव्हतं. ते सुरमईचं होतं, त्यांच्या बारा वर्षांच्या करड्या कुत्रीचं. तिच्या गळ्यातला पट्टा तिच्या मज्जातंतूंतले वेदनेचे संकेत टिपायचा आणि केळुसकरांच्या मनगटावरची पट्टी ते त्यांच्या अंगात, त्याच जागी उमटवायची. जनावराला सांगता येत नाही, म्हणून ही सोय निघाली होती.

अर्धवट झोपेत त्यांना वाटे, आपल्याला चार पाय आहेत आणि आपण ओल्या वाळूवरून हळूहळू चाललोय. पत्नी कुमुद जाऊन आठ महिने झाले होते. घरात अजून कुणाचं तरी काही जाणवतंय, हे त्यांना बरं वाटायचं.

जनावरांची डॉक्टर नाझनीन मुकादमनं सुरमईला सूज उतरवणारी गोळी दिली होती. वजनाप्रमाणे, दिवसातून एकच, खाणं झाल्यावर. सकाळी ती दिली की खुबा शांत होई. दुपारी पुन्हा ठणके. एकदा त्यांनी कुमुदच्या उरलेल्या दुखण्याच्या गोळ्यांतली अर्धी पेजेत कालवली. ठणका थांबला. पुढचे दोन दिवस त्यांनी तेच केलं.

चौथ्या दिवशी त्यांच्या पोटात आग पडली. सुरमई अंगणात ओकत होती.

नाझनीननं तिचं रक्त तपासायला घेतलं, सलाईन लावलं.

"काका, शी काळी होते का?"

"काल झाली." ते थांबले. "मी घरातली एक गोळी देत होतो. माणसांची. अर्धीच."

"अर्धीच! तिच्या मूत्रपिंडांना तुमची अर्धी कळते होय? एकावर एक दोन औषधं दिलीत. पोटात जखम झालीय."

"तिला दुखत होतं गं."

"तिला, की तुम्हाला?"

केळुसकरांनी मनगटावरची पट्टी बाहीखाली सरकवली.

दोन दिवसांनी ती म्हणाली, "मूत्रपिंडं वाचली. आता मी सांगेपर्यंत सुजेची कुठलीच गोळी नाही. वेगळं, सौम्य औषध देते, तरी थोडं दुखेल. आणि ती पट्टी काढा. नाहीतर पुन्हा गोळ्यांचा डबा उघडाल."

घरी येऊन त्यांनी पट्टी सोडली. खुबा एकदम हलका झाला.

गोधडीवर निजलेल्या सुरमईनं मान उचलली. ते समोरच बसले होते, तरी तिनं खोलीभर नजर फिरवली, नाक वर करून वास घेतला. इतके दिवस दुखण्यात सोबत असलेलं कुणीतरी उठून गेलं, हे तिला कळलं असेल का?