मागे राहू नकोस

लाओआग शहरातल्या सरकारी इस्पितळात मुलांच्या वॉर्डातली नर्स लुदिविना, तिला सगळे मनांग लुदी म्हणत. मनांग म्हणजे थोरली बहीण. लग्न केलेलं नाही, सख्खं भावंड नाही, पण थोरलेपण मात्र अख्ख्या वॉर्डाचं पदरात पडलेलं. इंजेक्शनं, सलाईन, ताप बघणं हे पगाराचं काम. ते उरकलं की तिचं खरं काम सुरू होई. कुणाची नखं काप, कुणाच्या उवा काढ, कुणाची आई शेतावर अडकली असेल तर तिला फोन लाव, घरून पेज आणून भरव. एखाद्या पोराचा नुकता डोळा लागलेला असला, तर डॉक्टर आले तरी ती ओठांवर बोट ठेवून त्यांना दारातच थांबवी. डॉक्टरही मुकाट्यानं थांबत.

आणि पोर बरं होऊन घरी निघालं की ती दारापर्यंत जाई, वॉर्डाकडे तोंड करी आणि त्याच्या नावानं हाक मारी. "चल बाळा, मागे राहू नकोस." इलोकोस मुलखातली ही जुनी रीत. माणूस कुठूनही निघालं की नाव घेऊन हाक मारायची. नाहीतर देह घरी पोचतो आणि आत्मा भांबावून तिथेच बसतो. आया घाईगडबडीत विसरत, म्हणून लुदी मारी.

"मनांग," बेंजी म्हणे. तो तिच्याच पाळीचा नर्स, तोंडाळ, पण सुई टोचायला हाताचा हलका. "तुमच्या हाका ऐकून एक दिवस शवागारातली मंडळीपण चपला घालून निघतील बघा."

"निघू देत की. तुझंच काम कमी होईल."

एप्रिलातल्या त्या दिवशी मात्र लुदीचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. खिडकीजवळच्या खाटेवरची पासिता पहाटे गेली होती. डेंग्यू. आई हाँगकाँगला मोलकरीण, आजी अंथरुणाला खिळलेली. त्या पोरीच्या उशाशी लुदीशिवाय कुणी नव्हतं. शहाणी पोर. पाण्याचा घोट पाजला तरी थँक्यू म्हणायची. लुदी जवळ बसली की तिच्या बाहीची कड बोटाभोवती गुंडाळून घ्यायची आणि सोडायची नाही. शेवटी शेवटी म्हणाली, "मला पण घरी न्याल ना?"

"नेईन हं, अडिंग," लुदी म्हणाली. अडिंग म्हणजे धाकटी. तिथे कुणाचंही लेकरू अडिंगच.

त्याच दुपारी शेजारच्या खाटेवरची लिवलिवा बरी होऊन घरी निघाली. तिची आई मर्लिंग पिशव्या सावरत पुढे गेलेली, खाली रिक्षावाला भोंगा वाजवतोय. लुदी दारात वळली. जागरणानं डोळे चुरचुरत होते. सवयीनं तिनं हाक मारली, "चल अडिंग, मागे राहू नकोस."

उंबऱ्यावर लिवलिवा अडखळली. कुणीतरी घाईघाईनं तिला ढकलून पुढे व्हावं, तशी.

जिन्यावर लुदीच्या ध्यानात आलं, नाव घ्यायचं राहिलं. पण तोवर रिक्षा गेली होती आणि वर कुणाचं तरी सलाईन संपत आलं होतं.

मर्लिंगचा फोन पुढच्या आठवड्यात आला.

"मनांग, डॉक्टर म्हणतात रिपोर्ट छान आहेत. पण पोर वाळत चाललीय हो माझी. चार घास खाते, तेही तोंडाला मीठ लागू देत नाही. भात अळणी, मासा अळणी. अळणी तर आपण मेलेल्यांपुढे ठेवतो. आणि मला मावशी म्हणते."

"काय म्हणते?"

"मावशी. पाणी दिलं की थँक्यू मावशी. माझी पोर जन्मात कधी थँक्यू म्हणालेली नाही, मनांग. उर्मट आहे ती, माझ्यासारखी."

लुदीनं फोन ठेवला आणि सुट्टी मागितली.

सुट्टी मिळाली त्या सकाळी ती पासुकिनला गेली. मर्लिंगचं घर समुद्राकाठी. दारातच मिठाची भट्टी. मोठ्या कढईत खारं पाणी रटरटत होतं, धूर डोळ्यांत जात होता, आणि दोरीवरच्या कपड्यांवर, दाराच्या कडीवर, सगळीकडे मिठाचा पांढरा थर. असल्या घरातली पोर अळणी खात होती.

लिवलिवा आत बाकावर बसली होती. पाय जुळवलेले, हात मांडीवर, गाल खोल गेलेले. लुदीला बघून ती हसली. पडलेल्या दाताची खिडकी दाखवत फिदीफिदी हसणारी पोर ती; हे हसू ओठ मिटून, परक्याच्या घरी हसावं तसं होतं. लुदी शेजारी बसली. पोरीनं तिच्या बाहीची कड धरली आणि हळूहळू बोटाभोवती गुंडाळली.

"नेईन म्हणालात," ती म्हणाली. "आणलंत पण. पण हे माझं घर नाही ना?"

लुदी उठली, मर्लिंगला बाहेर भट्टीपाशी घेऊन गेली आणि सगळं सांगितलं. पासिता, ती हाक, राहिलेलं नाव. मर्लिंगनं ऐकून घेतलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मग माझी कुठाय?" तिनं विचारलं.

लिवलिवानं इस्पितळात घातलेला फ्रॉक घेऊन लुदी त्याच पावली परतली. भेटायला येणाऱ्यांची वेळ होती. वॉर्डात गलका, संत्र्यांचा वास. लिवलिवाच्या खाटेवर आता पाय मोडलेली एक मुलगी होती. तिची आजी लुदीला बघताच करवादली, "अहो बाई, हे लेकरू कुणाचं? दिवसभर खाटेखाली बसून असतं. केळं दिलं तर घेत नाही. आई भट्टीवरून आली का, एवढंच विचारतं."

"कसलं लेकरू?" लुदीनं विचारलं.

"दात पडलेलं. आत्ता होतं की इथे."

बेंजी औषधांची गाडी ढकलत येत होता. लुदीनं गुडघे टेकले आणि फ्रॉक खाटेखाली पसरला. बेंजीनं गाडी थांबवली.

"लिवलिवा दुमलाव," लुदीनं पूर्ण नाव घेतलं. "चल. आई भट्टीवरून आली. मागे राहू नकोस."

काही झालं नाही. फक्त फ्रॉक उचलताना तिला दोन्ही हात लावावे लागले.

वडापच्या जीपनीत ती मागे न बघता बसली. मांडीवरचा फ्रॉक झोपलेल्या पोरासारखा ऊबदार होता.

मर्लिंगनं तो पोरीच्या अंगात चढवला. पोर थरथरली, कच्ची चिंच चावल्यासारखं तोंड केलं, आणि मग किंचाळली, "आई! किती उशीर गं! भूक लागलीय मला!" मर्लिंगनं तिला छातीशी धरलं, शिव्या घालत, रडत. आईच्या काखेतून हात काढून पोरीनं टोपलीतलं मीठ बोटावर घेतलं आणि चाटलं.

लुदी बाकावर टेकली. सुटले, असं तिच्या मनात आलं.

तेवढ्यात तिच्या बाहीची कड हलली.

शेजारी कुणी नव्हतं. कड आपसूक वळत होती. एक वेढा. आणखी एक. आत लहानशा बोटाएवढी जागा ठेवून.

मर्लिंगनं ते पाहिलं. पोरीला पाठीशी घालून तिनं मूठभर मीठ उचललं. "बाजूला व्हा, मनांग. मीठ पडलं की जाते का नाही बघा."

लुदीचे दात भीतीनं वाजत होते. तरी तिचा हात आडवा झाला.

"नको. लहान आहे गं ती."

"मग करणार काय?"

"डोळा लागू दे जरा. लागला की निघते मी."

ती बसून राहिली. बाहेर उन्हं कलली. शेवटच्या जीपनीचा भोंगा ऐकू आला तेव्हा बाहीची कड सैल झाली होती. लुदी उठली आणि मागे न बघता धावत सुटली.

पासुकिन मागे पडल्यावर तिला आठवलं, निघताना स्वतःच्या नावाची हाक मारायची राहिली. इतकी वर्षं जगाला हाका मारल्या. तिला मारायला कुणी नव्हतंच. अंग फार हलकं वाटत होतं. दमणूक असेल, मनाशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेंजीनं आपला डबा तिच्यापुढे सरकवला. वांगं, शेवग्याचा पाला, भाजलेला मासा. लुदीनं एक घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"काय रे हे, नुसता खारट."

"खारट?" बेंजी हसला. "मनांग, आज मी मीठ घालायलाच विसरलोय."

तिचा फोन वाजला. मर्लिंग होती.

"लिव छान आहे, मनांग. सकाळपासून दोनदा जेवली आणि चारदा उलटून बोलली."

"देव पावला."

"एक विचारू? रागावू नका." मर्लिंगचा आवाज एकदम खाली आला. "तुम्ही कालच गेलात ना?"

"हो. का गं?"

"नाही, म्हणजे... तुम्ही अजून बाकावर बसलाय. ती मांडीवर आहे तुमच्या. मी पुढ्यात दोन ताटल्या ठेवल्यात. अळणी."

लुदीनं डबा दूर सारला. समोर बेंजीचे ओठ हलत होते. तो काय म्हणतोय ते तिला ऐकू येत नव्हतं.

"मर्लिंग, नीट ऐक. दारात उभी राहा आणि माझं पूर्ण नाव घेऊन हाक मार. लुदिविना पागादुआन. आत्ता मार."

"मारली, मनांग. तुमच्या बिल्ल्यावरचं नाव होतं ना ध्यानात. सकाळीच मारली."

"मग?"

"तुम्ही ओठांवर बोट ठेवलंत," मर्लिंग कुजबुजली. "ती नुकतीच झोपली होती."