मुतखड्याचा वॉर्ड

ही घटना शंभर टक्के खरी आहे. ज्याच्यावर बेतली तो इंद्रजीत आजही सोलापुरात राहतो, आणि दुपारी एकटा बसत नाही.

होय, दुपारीच.

एप्रिलमध्ये इथे दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. भुतांना रात्रीपर्यंत ताटकळायची गरज पडत नाही.

इंद्रजीतचे वडील बिभीषणआप्पा, सांगोल्याकडचे मेंढपाळ. पोटात कॅन्सर पसरलेला. मोठ्या डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा त्याने त्यांना शहराबाहेरच्या एका सेवाकेंद्रात आणलं. तिथे बरं करत नाहीत. दुखू देत नाहीत, एवढंच.

पण आप्पांना सांगायचं कसं?

त्याने सांगितलं, मुतखडा आहे.

मग सगळ्या वॉर्डाला हात जोडून पढवलं. त्यामुळे तिथे ज्याला त्याला मुतखडा. शेजारच्या खाटेवरचे अक्कलकोटचे गुरुलिंगकाका तर कुणाचा खडा मोठा, यावर आप्पांशी भांडायचे. भांडता भांडता अडकित्त्याने सुपारी कातरायचे. त्यांना गिळता येत नव्हतं, पाहुण्यांना द्यायचे.

वैजयंती सिस्टर रोज म्हणायच्या, "दादा, खरं सांगा त्यांना. त्यांचंही काही बोलायचं राहिलं असेल. जमत नसेल तर मी शेजारी बसते."

"उद्या सांगतो."

एका सकाळी गुरुलिंगकाका गेले. आप्पा झोपेत होते. जागे झाले तोवर खाट रिकामी, चादर नवी.

"काकांना घरी सोडलं. खडा पडला," इंद्रजीतने ठोकून दिलं.

दुपारी लाईट गेली. कूलर बंद पडला. इंद्रजीतला डुलकी लागली...

कट्...

त्याने डोळे उघडले.

कट्... कट्...

आवाज रिकाम्या खाटेवरून येत होता. तिथे कुणी नव्हतं. फक्त गादी मधोमध दबली होती... कुणी बसल्यासारखी.

मग ती हळूच वर आली.

आप्पा जागे होते.

"गुरुलिंग येऊन गेला. घरी न्हाय गेलेला त्यो. मला समदं सांगितलं त्यानं."

"काय... सांगितलं?"

"ते तू सांग की. तुज्या तोंडनं ऐकायचं हाय मला."

इंद्रजीतने सांगितलं. रडत, अडखळत, सगळं. आप्पांनी ऐकून घेतलं. मेंढरं कुणाकडे द्यायची ते सांगितलं. रुसलेल्या लेकीला बोलावून घे म्हणाले. मग जन्मात पहिल्यांदा त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"लई दिस एकटाच वझं घेऊन फिरलास रं."

इंद्रजीतला हलकं वाटलं. इतकं, की तो डोळे पुसत हसला. "आणि काय म्हणले काका?"

"तुज्याबद्दलबी बोलला."

"माझ्याबद्दल?"

आप्पा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले...

मग त्यांनी नजर वळवली.

"काय न्हाय रं. ठणठणीत हाईस म्हणला."

आप्पांना खोटं बोलता यायचं नाही. अख्ख्या गावाला माहीत होतं.

त्याच आठवड्यात ते शांतपणे गेले, लेकीचा हात हातात धरून. शेवटपर्यंत दुखलं नाही. वैजयंती सिस्टर अजूनही फोन करून इंद्रजीतची चौकशी करतात. जेवलात का, झोप लागते का.

नाही लागत.

तो पुन्हा पुन्हा सगळ्या तपासण्या करून घेतो. रिपोर्ट आले की डॉक्टर त्याला बाहेर बसवतात आणि त्याच्या बायकोला, राजनंदिनीला, एकटीला आत बोलावतात.

ती हसत बाहेर येते.

"काही नाही हो," म्हणते. "सगळं नॉर्मल आहे."