अकरा सरळ दगड

सुरुंगात थोरला वाटाड्या शुऐबचा पाय गेल्याने दुसऱ्या वाटाड्याचा, मिफ्ताहचा, किती फायदा होणार, हे वस्तीने पहिला चहा संपायच्या आत मोजून टाकलं. महायुद्धात इथे मेलेल्या आपल्या माणसांना भेटायला सातासमुद्रापलीकडून येणारे पाहुणे आता त्याच्याच जीपमध्ये बसणार. बैठकीत थोरल्या वाटाड्याची गादी त्याची. वर शुऐबची मुलगी मब्रूका त्याच्याशी लग्नाला दोनदा नाही म्हणाली होती. बापाची लाज झाकायला आता तीही हो म्हणेल.

"ज्याचा फायदा एवढा चव्हाट्यावर असतो, तो सहसा निर्दोष निघतो," विदाद शुक्री म्हणाली.

अलेक्झांड्रियाच्या पोलिस दफ्तरात पंचवीस वर्षं काढून ती आता खासगी तपास घेई. तिची गाडी फहमी चालवी. अंगाने आडवा, डोक्याने सावकाश, आणि जिवाला जपणारा.

समोर मब्रूका बसली होती. तिने चहाला हात लावला नव्हता.

"मतरूहच्या रस्त्यालगत रंगवलेल्या दगडांची रांग आहे, बाई. प्रत्येक दगड एका अंगाने पांढरा, दुसऱ्याने लाल. पांढरी बाजू आपली, लाल बाजू सुरुंगांची. बाबा तीस वर्षं त्या वाटेने जातोय. पाहुण्यांना न्यायच्या आधी एकदा वाट बघून यायची त्याची रीत. त्या दिवशी वादळ उठलं, स्वतःचा हात दिसेना. मग तो वाकून, एकेक दगड चाचपत, डोळे जवळ नेऊन रंग बघत, पांढरी बाजू धरून चालला. शपथेवर सांगतो तो. आणि दुसऱ्या दिवशी सैनिक आले तर खड्डा लाल बाजूला! सगळे म्हणतात, म्हाताऱ्याचे डोळे गेले."

"आणि तू काय म्हणतेस?"

"उद्या न्यूझीलंडची बाई त्याच वाटेने टेकडीवर जाणार. बाबा खोटं बोलत नसेल, तर दगड खोटं बोलतायत. ती मेली तर?"

---

फहमी विदादच्या पावलावर पाऊल ठेवून चालत होता. तिचं पाऊल लहान, त्याचा बूट मोठा. प्रत्येक वेळी तो टाच उचलून धरी.

"बाई, मी गाडीत बसून घाबरलो असतो तर चाललं नसतं का?"

"इथे घाबर. उपयोगी पडेल."

दगड रस्त्यापासून निघून वाकडेतिकडे, म्हाताऱ्याच्या दातांसारखे गेले होते. पण खड्ड्याजवळ रांग एकाएकी ताठ झाली. विदादने मोजलं. अकरा दगड एका रेषेत, दोन-दोन पावलांवर. प्रत्येकाच्या बुडाशी वाळूची कडक पापडी धरली होती. नखाने टोचली तर तुकडा निघाला.

"पाऊस?" फहमीने विचारलं.

"सहा महिन्यांत थेंब नाही. आणि पाऊस काय अकरा दगड निवडून पडतो?"

फहमीने खाली पाहिलं. त्याचा एक बूट तिच्या पावलाबाहेर पडला होता. तो तिथेच गोठला, विदादने बाही धरून ओढेपर्यंत.

---

मिफ्ताह जीपखाली आडवा होता. बाहेर आला तो चिडूनच.

"या, या. फाशीचा दोर आणलात का? गावाने माप घेतलंच आहे."

"स्फोट ऐकून पहिला तू धावलास."

"धुळीत काय दिसतं? त्याच्या ओरडण्याच्या मागे गेलो. उचलला, मतरूहच्या दवाखान्यात नेला, रक्त दिलं. दोन रात्री तिथेच खुर्चीवर. त्याच्या पोरीने मला पाणीसुद्धा विचारलं नाही."

"सोबत कोण होतं?"

"अख्खी वस्ती. इथे उरली ती कुत्री आणि परदेशी सैनिकांच्या दफनभूमीतला माळी अतिया."

---

दफनभूमीत पांढऱ्या दगडांच्या रांगा कुठूनही पाहिल्या तरी सरळच दिसत. माळी अतिया कबरींमध्ये गुडघे टेकून बसला होता. कललेल्या एका दगडाशी त्याने सुतळी ताणली, झारीने वाळू भिजवली आणि मुठीने ठोकून बसवली. मग हात पुसत उठला आणि चहा घेऊन आला. पेले ठेवताना त्याने चारही एका ओळीत सरकवले. फहमीने आपला उचलून कसाही ठेवला. अतियाने तो न बघता पुन्हा ओळीत घेतला.

तिथेच बसलेली न्यूझीलंडची विनिफ्रेड पेनहेल पन्नाशी उलटलेली, उन्हाने लाल झालेली. सत्तावीस वर्षांच्या फेऱ्यांत अरबी शिकली होती, थेट वस्तीवरची.

"बाप गेला तेव्हा मी तीन महिन्यांची. त्याचं नाव फक्त बेपत्ता सैनिकांच्या भिंतीवर आहे, कबर नाही, असं कागद सांगत होते. पण अतियाभाऊच्या वडिलांनी त्याला स्वतः पुरलं होतं. भाऊनेच मला तो बिननावाचा दगड दाखवला." तिने अतियाच्या हातावर हात ठेवला. "हा नसता तर मी भिंतीशी बोलून परत गेले असते."

"मग टेकडीवर कशाला?"

"शुऐबला तिथे वाळूत जळलेला रणगाडा सापडला. आत एक डबा, त्यावर बापाचं नाव कोरलेलं. शुऐब म्हणाला, हाडंही आहेत. कुणाची, ते बघायला हवं. इथेच चहा पिताना त्याने सांगितलं. दुसऱ्याच दिवशी..." तिने डोळे पुसले. "पण मी जाणार."

"नको जाऊ, विनी," अतिया पुटपुटला. "वाट बरी नाही."

परतताना फहमी म्हणाला, "म्हातारा किती काळजी करतो तिची!"

"हो," विदाद म्हणाली. "तेच वाईट आहे."

---

सकाळी वारा पडला होता. विनिफ्रेड फुलांचं चक्र घेऊन मिफ्ताहच्या मागे निघाली. रस्त्याच्या कडेला विदाद, फहमी, मब्रूका आणि विदादने बोलावलेला अतिया उभे होते. चढामागे शेवटचे दगड दिसत नव्हते.

विदाद अतियाच्या कानाशी म्हणाली, "काका, दहाच दगड परत नीट फिरवलेत. अकरावा उलटाच राहिलाय. ती आता तिथे पोचेल."

अतिया पळत सुटला. "विनी! थांब! पाय उचलू नकोस!" मग अडखळून वळला. "नाही... अकराही फिरवले मी! दोनदा बघितले!"

बोलून गेल्यावर त्याला कळलं. तो वाळूत बसला.

"अकराही सरळ आहेत, काका. काल मी बघितलेत. पण दगड फिरले होते हे शुऐब आणि मब्रूका सोडून कुणीच मानत नव्हतं. आणि ते परत कुणी फिरवले, ते तर त्यांनाही माहीत नव्हतं."

विनिफ्रेड सावकाश, आपल्याच पावलांवरून परत येत होती.

"पण मिफ्ताह नाही, हे कशावरून कळलं?" फहमीने विचारलं.

"स्फोटानंतर कुणीतरी दगड पूर्ववत केले, तेव्हा तो दवाखान्यात होता. आणि वाळवंटातला माणूस दगड टाकून पुढे जातो. सुतळी लावून, पाणी घालून, ठोकून कोण बसवतं? ज्याच्या हाताला वाकडा दगड सोसत नाही तो. घाबरलेल्या माणसाचं डोकं चुकतं, हात सवयीनेच चालतो."

"मला मारायचं नव्हतं कुणाला," अतिया म्हणाला. "वाटेवरून लाल दिसलं की माणसं मागे फिरतील, एवढंच. पलीकडून पांढरं दिसेल, वादळ येईल, हे नाही सुचलं."

"का?" मब्रूका ओरडली. "माझ्या बापाने काय केलं होतं तुझं?"

अतियाने विनिफ्रेडकडे पाहिलं. ती येऊन उभी होती.

"माझ्या वडिलांनी कुणालाच पुरलं नव्हतं, विनी. तू भिंतीशी रडत होतीस. माझ्या तोंडून निघून गेलं. दुसऱ्या वर्षी तू फुलं आणलीस. तिसऱ्या वर्षी मला भाऊ म्हणालीस. मग कधी सांगायचं? आणि आता ती टेकडीवरची हाडं सगळं सांगणार होती."

विनिफ्रेडने चक्रातली निम्मी फुलं उपसून मब्रूकाच्या हातात दिली. "ही त्या बिननावाच्या दगडाशी ठेव. तो माझा कुणी नाही, पण सत्तावीस वर्षं माझं ऐकत आलाय." आणि ती पुन्हा वाटेला लागली, पांढरी बाजू धरून.

हिशेब व्हायला फार वेळ लागला नाही. शुऐबने पाय दिला आणि आपलं नाव परत घेतलं. अतियाने बहीण दिली, नंतर तुरुंगात काही वर्षं. विनिफ्रेडने एक बाप देऊन दुसरा घेतला. मिफ्ताहच्या पदरात काहीच पडलं नाही. मब्रूकाने त्याला पाणी मात्र विचारलं.

आणि बिननावाच्या दगडाखालच्या त्या पोराने काहीच दिलं नाही. त्याचं त्याने सगळ्यांच्या आधीच चुकतं केलं होतं.