तिसरा फोल्डर

हे पौडात घडलंय आणि खरं आहे. ज्याला पटत नसेल त्यानं परवेजच्या दुकानात जाऊन दुपारी स्टुलावर कोण बसतं ते बघावं. आणि अमावास्येची रात्र वगैरे काही नाही हं. मे महिन्यातली भर दुपार होती.

परवेज लग्नांचं शूटिंग करतो. अल्बमचे फोटो नवरा-नवरीनं निवडायचे, अशी आपल्याकडं पद्धत. ते येईपर्यंत सगळं हार्डडिस्कमध्ये पडून राहतं.

कासार आंबोलीची स्नेहल फोटो निवडायला आलीच नाही.

दिवाळीच्या आधी ती कासारसाईच्या धरणात बुडाली. पाय घसरला म्हणे. नवरा, दयानंद, तेव्हा कंपनीत ड्यूटीवर होता. निदान सगळ्यांना त्यानं तसं सांगितलं.

पुढच्या सीझनच्या गडबडीत परवेजनं तिच्याच लग्नाची डिस्क फॉरमॅट मारली. चुकून. दोन डिस्क सारख्याच काळ्या, वरची चिठ्ठी निघून गेलेली. बघायचे कष्ट कोण घेतो?

आणि आठवड्यात स्नेहलची आई दारात उभी. चंद्राबाई. पोरीचा हलता-बोलता एक तुकडाही तिच्याकडं नव्हता.

"मला फकस्त तिला एकदा बोलताना दाव," ती म्हणाली.

खरं सांगायची परवेजची छाती झाली नाही. डिस्क आपोआप बिघडली, पण गेलेलं परत काढता येतं, असं त्यानं दडपून सांगितलं. मग रिकव्हरी लावली. चंद्राबाईनं जावयालाही बोलावून घेतलं होतं. गेलेलं कशाला उकरून काढता, असं तो सारखा म्हणत होता. पण दुकानातून हलत मात्र नव्हता.

पहिला फोल्डर आला. नवरीकडच्या कॅमेऱ्याचा.

भटजी होते. मामा होता. करवल्या हसत होत्या. अक्षता पडत होत्या...

नवरीच्या पाटावर कुणीच नव्हतं.

दुसरा फोल्डर आला, नवऱ्याकडच्या कॅमेऱ्याचा. अंतरपाट खाली आला. दयानंदनं हार घालायला हात पुढं केले...

समोर नुसती हवा.

चंद्राबाई पापणी न हलवता बघत होती. फाइल अर्धवट आल्या असतील, असं काहीतरी परवेज पुटपुटला. त्याला स्वतःलाही ते पटलं नाही.

मग... तिसरा फोल्डर आला.

परवेजकडं तिसरा कॅमेराच नव्हता.

आत एकच क्लिप. हिरवट पाणी. बुडबुड्यांचा आवाज. कुणीतरी पाण्याखालून वर बघावं तसं दिसत होतं. वर धरणाचा काठ, काठावर एक माणूस.

दयानंद.

खालून एक हात वर गेला. हिरव्या बांगड्यांचा. त्यानं काठाचा दगड घट्ट धरला. दयानंद वाकला. वाटलं, आता ओढून घेईल...

त्यानं तिचं एकेक बोट दगडावरून सोडवलं.

क्लिप संपली. हे सगळं खोटं आहे, एडिट केलंय, असं दयानंद म्हणाला. तो उठला आणि गाडी काढून जांबेला, आपल्या खोलीवर निघून गेला.

चंद्राबाई रडली नाही.

"ती दिसायची न्हाई, परवेज," ती म्हणाली. "ती बघतीया."

परवेजनं वायर उपसली. डिस्क कपाटात कोंडून कुलूप लावलं.

सकाळी बातमी आली. दयानंद मोरीत मेलेला सापडला. तोंड बादलीत. बादली अर्धीसुद्धा भरलेली नव्हती. प्यायलेला असेल, असं लोक म्हणाले.

दुपारी चंद्राबाई हजर. डिस्क लावायला सांगितली. परवेजचा धीर होत नव्हता, पण नाही म्हणायची सोय राहिली नव्हती.

तिसऱ्या फोल्डरमध्ये आता दोन क्लिपा होत्या.

दुसरीत बादलीचा गोल काठ. वरून तोंड धुवायला वाकलेला दयानंद. चेहरा खाली आला. अजून खाली. अजून...

वर गेलाच नाही.

चंद्राबाईनं शेवटपर्यंत बघितलं. तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं, अगदी उघड. परवेजला त्याचीच जास्त भीती वाटली.

तो वायर काढायला वाकला, तेवढ्यात स्क्रीनवर आणखी एक फाइल आली. तिसरी.

"लाव," चंद्राबाई म्हणाली.

पुन्हा पाणी. पण हे स्वच्छ, निळ्या फरशीवरचं. मशिदीचा हौद. नमाजाआधी हातपाय धुवायला, वुजू करायला कुणीतरी हौदावर वाकलं होतं. ओंजळ पाण्यात आली. मग चेहरा दिसला...

परवेजचा. अंगात आज सकाळी घातलेलाच शर्ट.

पाण्याखालून कुणीतरी त्याच्याकडं एकटक बघत होतं. बराच वेळ.

चंद्राबाईनं स्क्रीनकडं बघितलं. मग परवेजकडं.

"तू काय केलं व्हतंस माझ्या पोरीचं?"

डिस्क आपणच पुसली, हे त्यानं अजून सांगितलेलं नाही. हौदाकडं जाणं त्यानं बंद केलंय. चंद्राबाई मात्र रोज दुपारी येते, स्टुलावर बसते आणि त्याच्या उत्तराची वाट बघते.