अटी मान्य, पण नाश्ता कुठाय?

"आकाश, पहिला वाडगा तुझा रे!" म्हणत द्रौपदाअक्कांनी बिबड्यांसाठी शिजवलेला ज्वारीचा गरमागरम घाटा, वर तेलाची धार धरून, आकाशच्या हातात दिला.

प्रशीलने पुढे केलेला हात मागे घेतला आणि डोकं खाजवलं, जणू हात त्यासाठीच निघाला होता.

अक्का दोघांच्याही आत्या. प्रशील आणि त्याची धाकटी बहीण दीपमाला दर उन्हाळ्यात शिंदखेड्याहून अमळनेरला येत. गल्लीतल्या बायका अक्कांच्या गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे खानदेशी पापड, थापत आणि ही दोघं कावळे हाकत. यंदा जळगावहून चुलतभाऊ आकाश आला, सोबत मोबाईल घेऊन. त्याने बिबडे थापणाऱ्या अक्कांचा व्हिडिओ काढला, जितेंद्रशेठ मसालेवाल्यांच्या ॲपवर स्पर्धेत टाकला आणि पहिला नंबर मारला! बक्षीस मिक्सर. तेव्हापासून घरात नुसती चटणी वाटली तरी आकाशचं कौतुक सुरू होई. "शिक जरा आकाशकडून!" हे वाक्य तर प्रशीलला जेवणाआधी आणि जेवणानंतर मिळे, औषधासारखं.

"यानं काहीतरी नियम मोडलाच असणार," प्रशील दीपमालाला म्हणाला. "मी स्पर्धेच्या अटी वाचतोय. सगळ्या!"

"अटी? त्या कुणी वाचतं का?"

"मी वाचतोय!"

जळणाऱ्या माणसाची चिकाटी मोठी. अभ्यासाला कधी न बसलेला प्रशील मोबाईलमध्ये नाक खुपसून बारीक अक्षरं वाचू लागला. वाचता वाचता तो थबकला. "दीपे, तरणतलावात टोपीशिवाय उतरू नये, म्हणे!"

"बिबडे थापायला तरणतलाव?"

तेवढ्यात बिबडे विकायला गेलेल्या अक्का बाजारातून परतल्या. डोक्यावरची पाटी भरलेलीच!

"बठ्ठा माल परत!" त्या मटकन बसल्या. "दुकानदार म्हणतात, तुमच्या नावाचे बिबडे आता शेठच विकणार."

पाटीत एक चकचकीत पाकीट होतं. 'द्रौपदाअक्कांचे अस्सल बिबडे'. वर अक्कांचा हसरा फोटो! आणि माल शेठच्या नरडाण्याच्या कारखान्यातला.

"व्हिडिओ टाकताना 'मान्य आहे'वर कुणी बोट दाबलं?" दीपमालाने विचारलं.

आकाशचा चेहरा उतरला. प्रशीलच्या मनात लाडू फुटला. पण भरलेली पाटी आणि अक्कांचे डोळे पाहून तो लाडू घशातच अडकला. गल्लीभरच्या बायकांनी डोक्यावर ऊन घेऊन थापलेला माल होता तो!

"चला!" तो उठला. "मी अटी वाचल्यात."

वाटेत तिघा भावंडांनी कोर्टातून प्रज्ञाताईला, अक्कांच्या वकील मुलीला, सोबत घेतलं. प्रशीलने तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आधी तूच बोल. मला मजा बघायचीय."

जितेंद्रशेठच्या दुकानात गिऱ्हाईकांची गर्दी होती. शेठ गादीवर रेलले होते. "मुलांनो, बोट दाबलं म्हणजे सही झाली! व्हिडिओतलं नाव, चेहरा, सगळं आमचं. अटीच तशा आहेत!"

"म्हणजे सगळ्या अटी लागू?" प्रशीलने गरीब चेहरा करून विचारलं.

"शब्दन् शब्द!"

"मग पाहुण्याला रोज सकाळी मोफत नाश्ता, असं लिहिलंय. हा आकाश आला. नाश्ता कुठाय?"

"आणि समुद्र दिसणारी खोली!" दीपमाला म्हणाली. "शेठ, अमळनेरात समुद्र कुठल्या बाजूला येतो हो?"

गिऱ्हाईकं फिसकन हसली. शेठनी प्रशीलच्या हातातला मोबाईल ओढून अटी वाचल्या आणि ते किंचाळले, "छगन! या अटी आणल्या कुठून?"

"तुम्हीच म्हटले ना शेठ, कुठून तरी चांगल्या उचल म्हणून," मुनीम छगन शांतपणे म्हणाला. "गोव्याच्या एका हॉटेलाच्या लई चांगल्या होत्या. नावाची अट तेवढी तुम्ही सांगितलेली."

आता प्रज्ञाताई पुढे झाली. "शेठ, आकाशनं तुमच्या ॲपवर जन्मतारीख खरी टाकलीय. तो तेरा वर्षांचा आहे. अठराच्या आतल्या मुलाला करारानं बांधता येत नाही, मग त्यानं दहाही बोटं दाबली तरी. आणि नाव अक्कांचं. त्यांनी कधी 'मान्य आहे' म्हटलं? पाकिटं मागे घेता, की कोर्टात भेटायचं?"

शेठनी घाम पुसला. मग एकेका दुकानदाराला स्वतः फोन लावून त्यांनी ती पाकिटं परत मागवली. संध्याकाळपर्यंत अक्कांची पाटी रिकामी झाली!

"वा रे पठ्ठ्या!" प्रज्ञाताई म्हणाली. "पण तू अटी वाचायला बसलास कशाला? आम्ही वकीलसुद्धा वाचत नाही!"

प्रशीलने खरं सांगून टाकलं. "आकाशला बाद करायला."

मग अक्का पोट धरून हसल्या. "जळकुकडा शे! पन शहाना शे!" आणि आकाशकडे वळून म्हणाल्या, "शिक जरा प्रशीलकडून!"

आकाशचं तोंड एवढंसं झालं. प्रशीलला त्याची दया आली. अगदी थोडी.

"अक्का," तो म्हणाला, "परत एकदा म्हणा ना. नीट ऐकू नाही आलं."