घाटातली लाल पाटी

ज्याला ही थाप वाटेल, त्याने खुशाल हसावं. मार्लेनी माझी सख्खी भाची आहे, आणि मी स्वतः युंगासच्या डोंगरांतल्या जुन्या घाटात संत्र्यांचा ट्रक चालवतो. गेल्या फेब्रुवारीत, धुक्याच्या एका दुपारी तिथे जे घडलं तेच सांगतोय.

आमच्या घाटात आंधळ्या वळणांवर माणसं उभी असतात. हातात पाटी, एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने हिरवी; समोरून गाडी येत असली की लाल, वाट मोकळी असली की हिरवी. पगार नाही की काही नाही. आम्ही ड्रायव्हर जाता जाता पाव फेकतो. बहुतेकांचं कुणीतरी त्याच दरीत गेलेलं असतं.

माझा मेहुणा इसिद्रो, मार्लेनीचा बाप, त्यातलाच. थोरला पोरगा एल्मेर बससकट खाली गेला आणि हा पाटी घेऊन तिथेच राहिला.

घर वाऱ्यावर. बायको वाऱ्यावर.

मार्लेनीच्या डोक्यात हीच आग. घरात बसवेना, म्हणून एकटी सायकलवर डोंगर पालथे घालत हिंडायची. अशीच दूर दक्षिणेला असताना मी फोन करून सांगितलं. तुझी आई आता फार दिवसांची सोबती नाही, सारखी इसिद्रोला बोलावतेय.

पोरीने सायकल वळवली. घराकडे नाही... घाटाकडे. बापाला ओढत घेऊन येते म्हणाली.

खिंड ओलांडून ती उतरू लागली. रिम ओल्या, ब्रेक नुसते किंचाळत होते. धबधबा रस्त्यावर कोसळतो तिथे पोचली, आणि...

आवाज बंद.

पाणी पडत होतं. ऐकू येत नव्हतं.

पुढच्या वळणावर धुक्यात कुणीतरी पाठमोरं उभं होतं. पिवळा रेनकोट. बापाचाच.

पाटी लाल.

ती थांबली. खालून ना हॉर्न, ना इंजिन. तरी पाटी हलेना.

मग मात्र तिचा तोल सुटला. इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं तिने त्या पाठीवर फेकलं.

"मेलेल्यासाठी जिवंतांना किती मारणार, बाबा? गेला ना तो? मग जाऊ द्या त्याला. आम्हाला नकोय तो!"

माणूस वळला नाही. फक्त खांदे खाली आले.

भुरभुर पाऊस चालू होता, आणि तो रेनकोट... कोरडा होता.

तेवढ्यात वळणाआडून लाकडाचा ट्रक आला. हॉर्न न देता, नालायक! सायकलला लटकवलेल्या पिशवीला घासून गेला. ती जरा पुढे असती तर थेट दरीत.

 ट्रक गेला, पाण्याचा आवाज परत आला, आणि वळणावर कुणीच नव्हतं.

ती सायकल ढकलत खालच्या वळणावर आली. तिथे इसिद्रो बसला होता. जिवंत. डोक्यावर प्लास्टिक, शेजारी बांधलेलं गाठोडं.

"घरीच निघालो होतो, पोरी," तो म्हणाला.

खालच्या गावचा एक माणूस हे वळण सांभाळायला तयार झाला होता. आणि वरच्या वळणावर आता एल्मेर उभा राहतो, हे त्याने पाऊसपाण्याचं बोलावं तसं सांगितलं. आधी कधीतरी दिसायचा, मग रोज. म्हणून रेनकोट आणि पाटी त्याच्यासाठी तिथेच ठेवली. पोरगा एकदाही चुकला नाही.



"बाबा... मला वाटलं ते तुम्हीच."

"काय बोललीस त्याला?"

तिने सांगितलं.  इसिद्रो उठला, गाठोडं काखेत मारलं आणि वर चालू लागला.

वर कातळाच्या कपारीत पिवळा रेनकोट नीट घडी करून ठेवला होता. त्यावर पाटी.

दोघांनी खूप वाट पाहिली. हाका मारल्या.

मग खालून एक हॉर्न आला. वरून दुसरा.

इसिद्रोने गाठोडं तिच्या हातात दिलं, रेनकोट चढवला, पाटी उचलली. "तुझ्या आईला सांग..." म्हणाला, आणि गाडी आली. पुढचं राहिलंच.

माझी बहीण त्याच आठवड्यात गेली. दाराकडे बघत.

इसिद्रो अजून तिथेच आहे. मी त्याला पाव टाकत नाही. राग आहे माझा, आणि तो नेमका कुणावर काढायचा तेही कळत नाही.

धुकं पडलं की मार्लेनी सायकल काढते. त्या वळणावर जाऊन दरीकडे तोंड करते आणि भावाला शिव्या घालते, निर्लज्जा, एका शब्दावर निघून गेलास, परत ये म्हणते.

अजून तरी तो आलेला नाही.